किनोशिता-सानांचं शेवाळ

किनोशिता-सान कावळ्यांना इंग्रजीत रागवायचे.

टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या इमारतीसमोर आठवड्यातून दोनदा जळाऊ कचरा ठेवायचा वार असतो. पिशव्यांवर जाळी टाकायची, तिच्या कडा विटांनी दाबायच्या, आणि तरीही कावळे कुठून तरी चोच घालतातच. मग तळमजल्यावरचं दार उघडायचं. पांढरा शर्ट, करडा टाय आणि पायात घरातल्या सपाता अशा थाटात एक शिडशिडीत म्हातारे गृहस्थ बाहेर यायचे, कावळ्याकडे बोट रोखायचे आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणायचे, "महाशय, आपण इथून चालते व्हाल तर बरं." कावळा उडायचा. मी एकदा विचारलं, इंग्रजीतच का? ते म्हणाले, "जपानीत इतकं टाकून बोलायला मला जमत नाही. शेवटी ते आपले शेजारी आहेत."

ते निवृत्त इंग्रजी शिक्षक होते. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण जपानबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं. त्यांचं इंग्रजी आलं होतं जाड शब्दकोशांतून, त्यामुळे ते ऐकताना समोरचा माणूस आत्ता घोडागाडीतून उतरला असावा असं वाटायचं. आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं, मी ते इथे मराठीत लिहिते आहे. त्यांना मात्र इंग्रजीतही मी 'कुरुकारुनी-सान'च होते; 'सान' म्हणजे आपलं राव किंवा बाई. कुलकर्णी हा शब्द जपानी जिभेवर असाच सुटा सुटा होऊन येतो.

इंग्रजी वाक्प्रचार हा त्यांचा जीव की प्राण. कुणी एखादा सहज वापरला की ते हात वर करून थांबवायचे आणि विचारायचे, "कोणत्या शतकातला?" म्हणजे तुम्ही हा शब्द कोणत्या शतकातल्या अर्थाने वापरताय. माझा नवरा अमोल ऑफिसात सगळ्यांना म्हणतो तसं त्यांनाही घाईघाईत म्हणाला, "पुढच्या आठवड्यात टच बेस करू या."

"कोणत्या बेसला?" किनोशिता-सानांनी गंभीरपणे विचारलं.

"म्हणजे, भेटू."

ते विचारात पडले. "बेसबॉलमध्ये खेळाडू बेसला पाय लावतो आणि लगेच पुढे पळतो. म्हणजे तुम्ही मला भेटणार आणि लगेच पळणार."

अमोलच्या मनात अगदी तेच होतं. त्याने तो शब्द पुन्हा त्यांच्यासमोर काढला नाही.

पण या सगळ्या वाक्प्रचारांत एक त्यांचा खास होता, आणि त्यानेच आमची ओळख झाली. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मी कचऱ्याची पिशवी चुकीच्या वारी घेऊन खाली उतरले होते आणि ती परत वर नेताना त्यांनी मला गाठलं. आधी कुठे होतात, असं त्यांनी अदबीने विचारलं. मी उत्साहाने सांगत सुटले. पुणे, मग बंगळूर, मग चेन्नई, मध्ये थोडे दिवस सिंगापूर, आता टोकियो. कंपन्याही तेवढ्याच बदललेल्या.

"म्हणजे आपण रोलिंग स्टोन आहात," ते म्हणाले.

मी नोकरीच्या मुलाखतीत स्वतःचं वर्णन याच शब्दांत केलं होतं. "हो, अगदी बरोबर," मी म्हणाले. "आणि मला त्याचा अभिमान आहे."

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, कुणाच्या घरी दुःखद बातमी कळल्यावर करतात तसा, आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या दारात. हातात नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यांचा, सुंदर बांधलेला डबा. "धीर सोडू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "आमच्यात म्हणतात, थंडगार दगडावरसुद्धा तीन वर्षं बसलं की तो गरम होतो." मी डबा घेतला, आभार मानले, दार लावलं.

"तू काय सांगितलंस त्यांना?" अमोलने विचारलं. "माझी नोकरी गेली म्हणून?"

पुढचे काही दिवस मजेचे गेले. जिन्यात भेटले की किनोशिता-सान आवाज खाली आणून विचारायचे, "आता कसं आहे?" शेजारच्या सातो-बाईंनी एकदम पालकाच्या जुड्या आणून दिल्या आणि माझा हात दाबला. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी आमच्या रेवाला खाऊ दिला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आठवीतली मुलगी, ती वैतागून म्हणाली, "आई, आपण गरीब आहोत का?" शेवटी मी खाली गेले आणि त्यांच्या दारावर टकटक केलं.

त्यांनी चहा केला. मी म्हटलं, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. रोलिंग स्टोन म्हणजे गडगडता दगड. त्याला शेवाळ लागत नाही. म्हणजे तो ताजा राहतो, गंजत नाही. चांगलंच आहे की.

किनोशिता-सानांनी कप खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत असा काही आनंद उमटला की मला वाटलं, हा माणूस कित्येक वर्षं कुणीतरी हे चुकीचं बोलण्याची वाट बघत बसला होता.

"कोणत्या शतकातली?" त्यांनी विचारलं, आणि मग दोन तास मी फक्त ऐकलं.

ही म्हण इंग्रजांची मुळात नव्हेच. ग्रीक आणि लॅटिन म्हणी जमवणाऱ्या युरोपातल्या पंडितांच्या संग्रहातून ती इंग्रजीत आली, आणि तिच्या ग्रीक रूपात तर शेवाळ समुद्रातलं होतं. गडगडत्या दगडावर समुद्री शेवाळ धरत नाही. इंग्लंडमध्ये त्याआधीही तिची एक बहीण नांदत होती, ज्या संगमरवरावरून सतत पावलं जातात त्याच्यावर शेवाळ येत नाही अशी. शेकडो वर्षं अर्थ एकच. शेवाळ म्हणजे माणसाने एका जागी राहून जोडलेलं सगळं काही, घर, नाव, चार माणसं. जो सारखा जागा बदलतो त्याच्या अंगाला यातलं काही लागत नाही. बिचारा. मग इंग्रजी बोलणारे लोक बोटीत बसून अमेरिकेला गेले. तिकडे पुढे पुढे सरकत राहणं हाच धर्म झाला, आणि शेवाळाची किंमत उतरली. ते म्हणजे बुरशी, आळस, जुनाटपणा. जुन्या विचारांच्या माणसाला तिकडे 'मॉसबॅक' म्हणू लागले, पाठीवर शेवाळ धरलेला. म्हणीतला शब्दही हलला नाही आणि अर्थाने मात्र कोलांटी मारली. शिवीची शाबासकी झाली.

"आणि जपानात?" मी विचारलं.

"जपानात दोन्ही अर्थ आले. शब्दकोशात एकाखाली एक छापलेले असतात, शेजारी राहून एकमेकांशी न बोलणाऱ्या भावांसारखे. तरुण मंडळी अमेरिकेचा धरतात. पण कुरुकारुनी-सान, या देशात लोक तिकीट काढून देवळातलं शेवाळ बघायला जातात. त्या देशात शेवाळ वाईट कसं असेल?"

मग ते म्हणाले, "माझे वडील नोरी पिकवायचे. इथेच. तेव्हा समुद्र आत्ताच्या मोठ्या रस्त्यापाशी होता, ही सगळी भरावाची जमीन नव्हती. उथळ पाण्यात बांबू रोवायचे आणि थंडीत त्यांच्यावर नोरी धरायची. बांबू हलता राहिला तर हाती काही लागायचं नाही. मला शाळेत ही म्हण पहिल्यांदा भेटली तेव्हा बाकीच्या मुलांना अर्थ सांगावा लागला. मला वाटलं, या ग्रीक लोकांनी माझ्या वडिलांना पाहिलं असणार."

त्या भेटीनंतर मला त्यांच्या दारातल्या दगडाचा उलगडा झाला. त्यांच्या दाराशी, दोन पायऱ्यांच्या बाजूला, गुडघ्याएवढा एक गोल दगड होता. वडिलांच्या होडीत वजन म्हणून ठेवलेला. त्यावर शेवाळाची जाड, मखमली, पोपटी गादी होती. किनोशिता-सान रोज सकाळी एका छोट्या फवारणीच्या बाटलीने तिच्यावर पाणी उडवायचे, टाय लावून. प्रवासाला कधी जात नसत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "शेवाळाला पाणी कोण घालेल?"

हे उत्तर त्यांनी सर्वांत जास्त वेळा दिलं होतं ते त्यांच्या मुलीला. हारुका तिचं नाव. पत्नी गेल्यावर त्यांना तेवढीच एक. ती विशीत घर सोडून निघाली. आधी ऑस्ट्रेलिया, मग पेरू, मग आणखी कुठे कुठे, आणि शेवटी आयर्लंडमधल्या समुद्रकाठच्या एका गावात. तिथे तिने पावाचं दुकान काढलं होतं. फोन नवीन वर्षाला आणि वाढदिवसाला. ती म्हणायची, बाबा, या. ते म्हणायचे, शेवाळाला पाणी कोण घालेल.

"ती निघाली त्या दिवशी मी स्टेशनवर गेलो होतो," त्यांनी मला एकदा सांगितलं. "ती म्हणाली, बाबा, गडगडत्या दगडाला शेवाळ लागत नाही, म्हणून मी जातेय. आणि मी म्हणालो, हारुका, तू अर्थ चुकीचा लावते आहेस." त्यांनी कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "मुलगी घर सोडून निघाली होती आणि मी तिचं इंग्रजी तपासत होतो. तिने मला नमस्कार केला आणि गाडीत चढली. दार बंद होईपर्यंत मी तिला जुना अर्थ समजावत होतो."

त्या वर्षी शरदात माझी आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली.

आई गणिताची शिक्षिका होती. तिचा स्वभाव सांगायचा तर, कारण, उपाय, उत्तर, खाली दोन रेघा. स्वच्छतेच्या बाबतीत तर ती कुणाचं ऐकत नाही. टोकियोत आल्यावर तिची पंचाईतच झाली, कारण इथे साफ करायला काही सापडेना. रस्ते पुसल्यासारखे, स्टेशनचे जिने लख्ख. तिने आमची बाल्कनी रोज दोनदा धुतली, खिडक्या धुतल्या, शेवटी सायकलींची चाकं धुतली. मग एका रविवारी आम्ही सगळे बाजारात गेलो असताना ती खाली उतरली, आणि तिला तो दगड दिसला.

मी सायकलवरून परत आले तेव्हा आई पायऱ्यांशी उकिडवी बसली होती. शेजारी बादली, कपडे धुण्याची पावडर, हातात तारेची घासणी. दगड राखाडी, गुळगुळीत, नुकत्याच घासलेल्या पातेल्यासारखा चकाकत होता. हिरवं पाणी ओघळून गटाराकडे चाललं होतं. आणि आईच्या मागे किनोशिता-सान उभे होते. टाय लावलेला, हातात फवारणीची बाटली.

मला सायकलवरून उतरायचं सुचेना.

आईने मागे वळून त्यांना पाहिलं आणि समाधानाने हात पुसले. "नाऊ ओके," ती म्हणाली. "नो स्लिपिंग."

किनोशिता-सानांनी दगडाकडे पाहिलं, मग आईकडे. "बाईसाहेब," ते अतिशय मृदू आवाजात म्हणाले, "कारण विचारू का?"

आईने जमेल तशा इंग्रजीत सांगितलं. कोथरूडला आमच्या घरामागे पायरीवर असंच शेवाळ धरलं होतं. बाबा तिच्यावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ते नीट चालले नाहीत. "तुम्ही एकटे राहता," ती म्हणाली. "पायरीच्या बाजूला हे असं. तुम्ही रोज त्याच्यावर पाणीही उडवता, मी वरून बघते. मला झोप येईना."

ते मग खूप खाली वाकले. "माझ्या हाडांची काळजी केल्याबद्दल आभारी आहे," ते म्हणाले, आत गेले आणि दार लावून घेतलं.

वर आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती खुर्चीत बसली ती बसलीच. "अगं, मग मला आधी का नाही सांगितलंस?" एवढंच म्हणाली. दुपारी जेवली नाही. रेवाने गुगलवर 'शेवाळ परत किती दिवसांत उगवतं' असं शोधलं आणि आम्हाला वाचून न दाखवता फोन बंद केला. संध्याकाळी आईने साजूक तुपातला शिरा केला, काजू-बेदाणे सढळ हाताने घातले, चांगली साडी नेसली आणि मला म्हणाली, "चल. मला माफी मागायचीय आणि माझं इंग्रजी आज पुरणार नाही."

आम्ही दार वाजवलं. आतून विचित्र आवाज येत होता. मला वाटलं ते रडताहेत. आईने माझा दंड घट्ट धरला.

दार उघडलं तर किनोशिता-सान हसत होते. टाय सैल झालेला, डोळ्यांतून पाणी, भिंतीचा आधार घेऊन उभे. त्यांनी आम्हाला आत बसवलं आणि बोलायचा प्रयत्न केला, पण पुन्हा हसू फुटलं. आई घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

"बाईसाहेब," ते शेवटी म्हणाले, "कित्येक शतकं पंडित वाद घालत आहेत, शेवाळ चांगलं की वाईट. मी स्वतः त्यावर आयुष्य काढलं. तुम्ही कपड्यांच्या पावडरीने तो वाद पंधरा मिनिटांत मिटवलात."

"आय अॅम व्हेरी सॉरी," आई म्हणाली.

"नाही, ऐका. सकाळी तुम्ही गेल्यावर मी खूप वेळ त्या दगडाकडे बघत बसलो. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. मग मी हारुकाला फोन केला. वाढदिवस नसताना. ती घाबरली, म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, शेवाळ गेलं. ती म्हणाली, बाबा, मग आता तरी याल ना? आणि मला उत्तर सुचेना. इतकी वर्षं माझ्याकडे एकच उत्तर होतं, ते तुम्ही धुऊन टाकलंत."

आईने मला मराठीत विचारलं, मुलगी त्या गावात कधीपासून आहे. मी विचारून सांगितलं, दहा-बारा वर्षं तरी झाली. आईच्या कपाळावर गणिताची आठी आली.

"एका गावात, एका दुकानात बारा वर्षं?" ती म्हणाली. "मग ती कसली रोलिंग? ती बसलीय की एका जागी. विचार त्यांना, दुकानात येणारी माणसं तिला नावाने ओळखतात का?"

मी विचारलं. किनोशिता-सान हळूहळू सरळ बसले. "फोनवर मागे सारखे लोक बोलत असतात," ते म्हणाले. "कुणीतरी तिला सारखं हाक मारत असतं. हारुका, दोन पाव. हारुका, आईला बरं आहे आता." त्यांनी सैल झालेला टाय सारखा केला. "मी तिला इतकी वर्षं गडगडता दगड म्हणत आलो."

त्यांनी शिऱ्याचा घास घेतला, मग दुसरा, मग ताटली पुढे करून आणखी मागितला. आईचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतरचे दिवस नुसते गोंधळाचे. किनोशिता-सानांकडे पासपोर्टच नव्हता. फोटोसाठी आई त्यांच्याबरोबर स्टेशनवरच्या फोटो-यंत्रापाशी गेली. पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं, आणि त्यांना त्या दिवसांत हसू आवरत नव्हतं. ते पडद्याच्या आत बसायचे, बाहेरून आई वर्गात बोलावं तशी म्हणायची, "नो स्माइल," आणि आतून खुदकन हसू फुटायचं. यंत्राने फोटोमागून फोटो काढले. शेवटी आईने त्यांना एक अवघड भागाकार घातला आणि ते तो मनात सोडवत असताना फोटो निघाला. त्या फोटोत ते जगातले सर्वांत चिंताक्रांत गृहस्थ दिसतात.

तयारी करता करता आईने त्यांना मराठी शिकवलं. "ज्याला एका जागी राहवत नाही, त्याच्या पायाला आमच्यात भिंगरी लागली म्हणतात," ती म्हणाली. त्यांनी विचारलं, हे चांगलं की वाईट? आईने विचार केला. "आई म्हणाली तर चांगलं, सासू म्हणाली तर वाईट." किनोशिता-सान इतके खूश झाले की त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं. एका वाक्प्रचाराचे दोन अर्थ, आणि दोन्ही एकाच घरात.

निघायच्या सकाळी कसाई स्टेशनसमोर विमानतळाच्या बसपाशी आम्ही सगळे होतो. अमोलने त्यांची बॅग ठेवली. सातो-बाईंनी प्रवासासाठी भाताचे गोळे करून दिले. आई त्यांना समजावत होती की निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. त्यांनी रेवाकडे बघून जपानीत विचारलं आणि रेवा म्हणाली, "आज्जी, इथेपण तसंच आहे. घरातून निघताना 'जाऊन येतो' असंच म्हणतात." आई आणि किनोशिता-सान एकमेकांकडे बघत राहिले, दोघांचं एखादं दूरचं नातं निघालं असावं तसे.

ते अजून परत आलेले नाहीत. आधी एक महिना म्हणाले, मग उन्हाळ्यापर्यंत, मग पुढचं सांगणं त्यांनी आणि विचारणं आम्ही सोडलं. मधून मधून व्हिडिओ कॉल येतो. पिठाने माखलेला एप्रन, खाली टाय, मागे कुणीतरी हाका मारतंय, आणि ते गिऱ्हाइकाला थांबवून विचारताहेत, हा शब्द कोणत्या शतकातला. बरे आहेत, लठ्ठ झालेत थोडे.

पण मला ते आठवतात त्या बसमधले. बसून झालं, पट्टा लावून झाला, आणि काचेतून त्यांनी आईला वाकून नमस्कार केला. आईनेही केला. त्यांनी पुन्हा केला. आधी थांबणारा उर्मट ठरतो असं आईला कुणीतरी सांगितलं होतं, ती थांबेना. बस सुटायला अवकाश होता. ते काचेमागे वाकत होते, ही फुटपाथवर वाकत होती, सातो-बाई सामील झाल्या, मग अमोल, मग हसू दाबत रेवा. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि बस हळूच काढली. किनोशिता-सान मान खाली घालून अजून वाकतच होते, आणि आम्ही मागे पडलो हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. पुढच्या सिग्नलला बस थांबली तेव्हा त्यांच्या खिडकीखाली सायकलवर एक अनोळखी बाई उभी होती. तिने वर पाहिलं, गोंधळली, आणि हँडल सोडून दोन्ही हात मांड्यांवर ठेवून त्यांना परत नमस्कार करू लागली.